वेलीच्या नावाची जाळी

अप्पा, माझ्या घराच्या शेजारच्या बाजूच्या बुटक्या भिंतीवर लोखंडी जाळी बसवून कारागीर आत्ताच गेला. पांढरा रंग अजून ओला आहे, संध्याकाळपर्यंत कुणी हात लावू नका म्हणालाय. तेवढ्या वेळात हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की सकाळपासून धड दोन घास गेले नाहीत. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. आज ते जमत नाही.

तुमचं आणि काकांचं कशावरून फाटलं ते मला अजूनही नीट माहीत नाही. मी नऊ वर्षांची होते. लातूरच्या आपल्या अंगणात मधोमध माझ्या छातीएवढी भिंत उभी राहिली, आणि काकूनं लावलेली पांढऱ्या गोकर्णाची वेल आपल्या वाट्याला आली. आई औशाच्या शाळेत शिकवायला जायची, संध्याकाळच्या एसटीनं परतायची. त्यामुळे दुपारी शाळेतून आल्यावर मला खायला घालायचं ते काकूनंच, आणि मध्ये भिंत आली म्हणून तिनं ते सोडलं नाही. सकाळी ती भिंतीवरून हात लांबवून पूजेची फुलं तोडायची, दुपारी त्याच हातानं मला धपाटं द्यायची, वर घट्ट दह्याचा गोळा. मी भिंतीपाशी उभ्यानंच खायची. तुम्ही तेव्हा गंजगोलाईत दुकानात असायचात, पण तुम्हाला कळलं. कळणारच.

मग एका रविवारी तुम्ही मला लुनावर पुढं उभं केलंत आणि औसा रोडवरच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये नेलंत. वेलीला आधार पाहिजे, असं आईला सांगून निघालो होतो. तिथल्या कारागिरानं जाळीचे दोन तुकडे समोर ठेवले, एक मोठ्या चौकटींचा, एक बारीक. गोकर्णाला मोठी बरी, असं तो बिचारा सांगत होता. बारीक चौकटीत पानं दाटतात, वारा लागत नाही, वाळलेलं काढायचं म्हटलं तर हातही जात नाही. तुम्ही त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. माझ्याकडं वळता आणि म्हणता, "हात घाल बरं ह्याच्यात." मोठ्या चौकटीतून माझा हात पार कोपरापर्यंत जातो. तो तुकडा तुम्ही पायानं बाजूला सारता. बारीक जाळीत माझा हात अंगठ्यापाशी अडतो. "हां. हीच करा." येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात, आणि मला विचारून काहीतरी ठरलं म्हणून मी घरापर्यंत फुगून आले. त्या शेडमध्ये खिळ्याला टेप टांगलेला होता, अप्पा. माप घ्यायला तो पुरला असता. तुम्ही माझा हात वापरलात.

जाळी बसली, भिंतीच्या वर पुरुषभर. सगळ्या गल्लीनं कौतुक केलं, वेलीची किती हौस म्हणून. तुम्ही ते ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी काकू पलीकडं धपाटं घेऊन आली, जाळीकडं बघत उभी राहिली आणि तशीच आत गेली. चारआठ दिवसांनी मला समजलं की अंगठा तळहातात दुमडला तर हात जातो. मी हात घातला, काकूनं त्यावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, आणि मूठ काही परत येईना. काकू हसता हसता रडायला लागली. त्यानंतर ती बोराएवढे लाडू वळायची, एकेक करून माझ्या बोटांत द्यायची. महिनाभर चाललं असेल. मग लोखंडावर तुपाचे डाग तुमच्या नजरेला पडले. तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. जेवताना नुसतं म्हणालात, "परक्याच्या घरचं खायची सवय बरी न्हाई." परक्याच्या! जिनं मला पहिला घास भरवला ती परकी. आई ताटाकडं बघत राहिली. मी जाळीपाशी जायचं सोडलं, आणि काकू किती दिवस दुपारची तिथं येऊन उभी राहत होती हे मी खिडकीतून बघितलेलं आहे.

आणि वेल? ती त्याच उन्हाळ्यात गेली. आता चार ठिकाणी फिरून, चार जणांना विचारून मी जाळी निवडली तेव्हा कळलं की तुम्ही एकही गोष्ट वेलीसाठी केली नव्हती. गोकर्णाची वेल बारीक सळईला विळखा घालते, तुम्ही जाड पट्टी घेतलीत. मावळतीचं ऊन थेट येतं तिथं काळा रंग दिलात, लातूरच्या मे महिन्यात. कोवळे शेंडे लोखंडाला चिकटून करपले. काकू पलीकडून तांब्यानं पाणी फेकायची, ते जाळीवर चर्र वाजायचं. वेल वाळून पाचोळा झाली, तुम्ही तो जाळलात, आणि जाळी तशीच ठेवलीत. मग आधार कुणाला हवा होता? घर विकलं तेव्हाही ती तिथंच होती, गंजलेली, नागडी. एवढा मोठा खोटेपणा अंगणात उभा करून तुम्ही रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायलात. मला त्याची चीड येते. काकांशी भांडायचं तर भांडायचं होतं, दार लावायचं होतं. एका वेलीच्या आणि एका पोरीच्या आड कशाला लपलात?

काकू गेल्या पंधरवड्यापासून माझ्याकडं नांदेडला आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावून ओसरीत बसते. परवा कारागीर माप घ्यायला आला, तेव्हा ती तिथंच होती. मी मोठ्या चौकटी सांगितल्या तर तो म्हणाला, "मॅडम, वेलीसाठी करून राहिल्या ना? मग एवढा मोठा गाळा कशाला?" मी त्याच्या नमुन्यात हात घातला, कोपरापर्यंत नेला, आणि एवढा पाहिजे म्हणून सांगितलं. तो गेल्यावर काकूनं मला जवळ बोलावलं. तिला धड दिसत नव्हतं तरी कळलं होतं. माझा तोच हात चाचपून धरला आणि म्हणाली, "तू लई लहान व्हतीस गं. तुला काय कळत व्हतं." मी हं म्हटलं.

वर मी लिहिलंय की अंगठा दुमडला तर हात जातो हे मला चारआठ दिवसांनी समजलं. ते खरं नाही. ते मला शेडमध्येच समजलं होतं, बोटं आत गेली तेव्हाच. हात कशासाठी घालायला सांगताय हेही कळलं होतं, नऊ वर्षांच्या पोरीला कळतं तेवढं. तुमच्या तोंडाकडं बघितलं तर तुम्हाला हात अडायला हवा होता. मी अंगठा ताठ धरला.

काकू उठली वाटतं, हाक मारते आहे. तिला हे सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून सकाळपासून तुमच्यावर चिडून बसले आहे.