सब्ज्याचा पाव आणि चाकणचं स्थळ

चिंचवड स्टेशन, शनिवार दुपार
फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप कमरुन्निसा खालाजान यांच्या सेवेशी, युनूसचा अदबीने सलाम. (तीर्थरूप हे अण्णासाहेब मास्तरांच्या शाळेतलं आणि सलाम अम्मीच्या घरातला. तुम्हाला दोन्ही शोभतात म्हणून दोन्ही घातले.) इकडे मी, करीमचाचा आणि बेकरीची भट्टी, तिघेही अल्लाच्या मेहेरबानीने खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जुन्नरला अजून गारठा असेल, तेव्हा शेळीला चारा घालायला पहाटे उठत जाऊ नका. शेळीला थोडा धीर धरायला शिकवा. नवा चष्मा केलात का? केला नसेल तर हे पत्र शेजारच्यांकडून वाचून घेऊ नका, आधी चष्मा करा. पुढे माझ्या लग्नाची भानगड आहे, आणि तुमची आळी कशी आहे ते मला ठाऊक आहे.

खालाजान, तुम्ही किती खटपट करून चाकणच्या अकबरभाईंची झुलेखा माझ्यासाठी पाहिलीत. मी तिला एकदाच पाहिलं, तुमच्याकडच्या निकाहात. ती पाणी वाटत होती. मी ग्लास घेतला आणि प्यायचं विसरून तसाच हातात धरून उभा राहिलो, तर तिने विचारलं, पाणी खारट आहे का? तेव्हापासून मला दुसरं कुठलंही स्थळ नको आहे. हे आत्ताच सरळ लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की या पोराला लग्नच करायचं नव्हतं. परवा अकबरभाई मला पाहायला बेकरीत आले होते आणि घास न घेताच उठून गेले. त्यांची बाजू एस.टी.ने तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आत माझी टपालाने पोहोचावी म्हणून घाईने लिहितो आहे. (घाईत पत्र लांबतं, हा माझा जुना आजार.)

सगळा दोष पिझ्झाचा. पिझ्झा म्हणजे एक गोल पाव, आपल्या नानचा परदेशी भाऊ म्हणा. वर टोमॅटो, पनीरसारखं काहीतरी आणि हिरवं पान, अन् हे सगळं भाजायच्या आधीच घालायचं. इथल्या एका कंपनीत नवं प्रेस मशीन बसवायला इटलीहून जेन्नारो नावाचे साहेब आलेत, नेपल्स गावचे. एका संध्याकाळी वासाचा माग काढत ते बेकरीत शिरले, करीमचाचांना काही न विचारता भट्टीच्या तोंडाशी गेले, आत हात धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. चाचांना वाटलं साहेबाला चक्कर आली, म्हणून त्यांनी पाणी मारलं. तसे साहेब हसले आणि म्हणाले, असाच घुमट, अशीच लाकडं, माझ्या आईच्या गल्लीत. त्या दिवसापासून ते रोज मैद्याच्या पोत्यावर येऊन बसतात. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

आणि काय एकेक सांगतात! म्हणे हजार वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या एका गावात भाडेकरूने बिशपला नाताळात डझनभर पिझ्झे द्यायचे आणि ईस्टरला पुन्हा डझनभर, असा लेखी करार झालेला आहे. मी विचारलं, वर टोमॅटो किती? तर म्हणाले, टोमॅटो तेव्हा अख्ख्या युरोपात नव्हता. तो नंतर अमेरिकेहून जहाजाने आला, आणि आल्यावरही किती काळ लोक त्याला विषारी समजून नुसता बागेत शोभेला लावायचे. (तुमच्या सासूबाई टोमॅटोच्या रश्शाला हात लावायच्या नाहीत, आठवतं? त्या इटलीत असत्या तर त्यांना मान मिळाला असता.) मिरचीसुद्धा त्याच मुलखातून निघालेली. म्हणजे दोघी एकाच गावच्या, एक नेपल्सला दिली आणि एक आपल्याकडे आली. पिझ्झा हे नेपल्सच्या गोरगरिबांचं खाणं, रस्त्यात उभं राहून रुमालासारखी चौघडी घालून खायचं. मग एकदा राणी त्या गावी आली आणि तिलाही तोच आवडला, असं म्हणतात. लाल टोमॅटो, पांढरं चीज, हिरवं पान, अगदी त्यांच्या झेंड्याचे रंग. आणि ते चीज चांगल्यातलं हवं तर म्हशीचं! इटलीत म्हशी आहेत, खालाजान. साहेबांनी चिंचवडात गवळ्याच्या म्हशी पाहिल्या तेव्हा गाडी थांबवून खाली उतरले होते.

त्यांच्या घरचे लोक आपल्यासारखेच पोटासाठी पांगलेले. एक भाऊ कॅनडात. तिथे कुणा ग्रीक हॉटेलवाल्याने पिझ्झ्यावर डब्यातला अननस घातला आणि लोकांनी तो आवडीने खाल्ला. दुसरा भाऊ स्वीडनमध्ये कारखान्यात. तिकडे केळ्याचे काप आणि आपल्यासारखा पिवळा मसाला घालतात. (हे सांगताना साहेबांचा आवाज इतका बसला की मी चहा मागवला.) मामा अर्जेंटिनात, तिथे पिझ्झ्यावर हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं ठेवून दोन्ही एकदम खातात. शिकागोत तो पातेल्याएवढा खोल असतो आणि टोमॅटो चीजच्या वर. आणि गंमत अशी, की अमेरिका पिझ्झा खायला लागली तरी खुद्द इटलीच्या उत्तरेकडच्या कित्येकांनी तो पाहिलासुद्धा नव्हता.

दुपारी भट्टी निवत आलेली असते, लाकडांची राख मऊ झालेली असते, बाहेर स्टेशनात मालगाडी उभी असते. अशा वेळी हे ऐकलं की माझं काही खरं नाही. मला वाटतं जगात एकच पाव आहे. तो नेपल्सहून निघतो, ज्या बंदराला लागतो तिथलं काहीतरी अंगावर घेतो आणि पुढे जातो. कुठे केळं, कुठे अननस, कुठे बेसन. मी त्या पावाबरोबर निघतो. जहाजाच्या कठड्याला टेकून उभा असतो, शेजारी झुलेखा असते आणि समुद्राला खमिराचा वास येत असतो. मग तो वास करपल्याचा व्हायला लागतो आणि करीमचाचांचा आवाज ऐकू येतो. या महिन्यात माझ्या हातून पावाच्या किती लाद्या कोळसा झाल्या ते चाचाच तुम्हाला सांगतील, विचारलं नाहीत तरी.

आता गुरुवारचं. इथे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. म्हणून साहेबांनी पिझ्झा करायचा ठरवला तो गुरुवारी, आणि अकबरभाईंनी मला पाहायला यायचं कळवलं तेही गुरुवारी. मी चाचांना म्हटलं, बरंच झालं, पाहुण्यांना जगात कुणी खाऊ घातलं नसेल असं खाऊ घालू. चाचा नको म्हणाले. मी जहाजावर होतो, मला ऐकू आलं नाही.

हिरव्या पानाची अडचण होती; साहेब म्हणाले, ते तुळशीच्या जातीचं असतं. मी कॉलनीतल्या सावित्रीबाईंकडे तुळस मागितली, तर त्यांनी काठीच उचलली. मग साहेबांना घेऊन बाजारात हिंडलो. दर्ग्यासमोर गोजाबाई फुलं विकते, तिच्या टोपलीपाशी साहेब थबकले, एक पान चुरगाळून हुंगलं आणि ओरडले, हेच! गोजाबाईने विचारलं, कुनासाठी न्यायचं? मी म्हटलं, इटलीच्या राणीसाठी. तिने टोपलीला हात लावून कपाळाला लावला, कधी वारल्या म्हणून विचारलं आणि एक जुडी जास्त दिली. खालाजान, तो सब्जा होता, कबरीवर घालतात तो. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी नेपल्समध्ये होतो.

बेकरीवर परतलो तर दारात रांग. साहेब भट्टी लावणार ही बातमी कॉलनीत पसरली होती. दिवाळीला बायका घरचं सामान आणून आपल्याकडून नानकटाई भाजून नेतात, तसंच काहीतरी आज आहे असं समजून सगळ्या परातीत कणीक घेऊन आलेल्या. सावित्रीबाई काठी ठेवून आल्या होत्या, त्यांच्या भाकरीवर बीडचा ठेचा. रत्नागिरीच्या मंजुळाबाईंनी सुकट थापून आणलेली. कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी पिठलं. साहेब डोक्याला हात लावून बसले, भावाच्या केळ्यानंतर हा दुसरा घाव. पण सावित्रीबाईंनी भाजलेला तुकडा त्यांच्या हातात दिलाच. त्यांनी तो खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ठेच्याचं की आईच्या गल्लीचं, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी मान वर करून आणखी मागितला.

या गोंधळात अकबरभाई आले. पांढरीशुभ्र टोपी, कोटाला अत्तर, तरी नखांत त्यांच्या पंक्चरच्या गॅरेजचं काळं राहिलेलंच. मी त्यांना पोत्यावर बसवलं आणि भट्टीतून पहिला पिझ्झा काढून समोर ठेवला. साहेबांनी म्हशीच्या दुधाचं चीज स्वतः केलं होतं आणि ते फारच छान लांबत होतं. अकबरभाईंनी तुकडा उचलला, तार हातभर आली, तरी तुटेना. त्यांनी कौतुकाने विचारलं, पंक्चरला हे सोल्युशन चालंल का रं? सगळे हसले. मला वाटलं, जमलं! मग त्यांनी घास तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. वास आला होता. तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी स्वतःची बोटं हुंगली, मग पाव हुंगला.

आणि तेव्हा, खालाजान, मला तुम्ही सांगितलेलं आठवलं. झुलेखाची अम्मी गेल्यापासून अकबरभाई दर गुरुवारी, जुमेरातीला, तिच्या कबरीवर सब्जा घालतात. ते सकाळी तिथूनच आले होते. आणि मी, होणारा जावई, त्यांना तेच पान टोमॅटोवर ठेवून खायला घातलं होतं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ते उठले, तुकड्याची घडी घालून रुमालात बांधली आणि चालायला लागले. मी मागे धावलो, पण माझ्या तोंडून शब्द निघाला तो इटालियन निघाला. ते नाशिक रस्त्याच्या एस.टी.त बसून गेले.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. भट्टीत बघवत नाही. जहाजही येत नाही डोळ्यांपुढे. चाचा म्हणतात, घरी आलेल्या माणसाला जिवंतपणी कबरीचं पान खाऊ घालणारा तूच पहिला. साहेब बिचारे दोनदा माफी मागून गेले, त्यांच्याकडे ते पान आया खिडकीत लावतात. मला एवढंच वाटतं की अकबरभाईंचं दुःख मी ताटात वाढलं, तेही हसत.

लहानांना प्यार, मोठ्यांना सलाम. करीमचाचाही सलाम सांगतात, मला वगळून सगळ्यांना. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचा नालायक पण तुमचाच,
युनूस

ता. क. : एवढं लांबड लावलं ते यासाठी, की तुम्ही गुडघा दुखत असला तरी चाकणला जाऊन अकबरभाईंना सांगावं, की पोरगा अपमान करणाऱ्यातला नाही, फक्त घरी नसतो. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. झुलेखाला काहीच सांगू नका. किंवा सांगा. तुम्हाला ठीक वाटेल ते करा.

दुसरा ता. क. : चाकणला जाऊ नका! पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात अकबरभाई स्वतः दारात उभे. मी पोत्यामागे गेलो. ते चाचांना म्हणाले, त्या वासानं मला रडू आलं, परक्यांत कसं रडायचं, म्हणून उठलो. घरी जाऊन रुमाल सोडला, तर पोरीनं तो पाव गारच खाल्ला. अम्मीच्या पानाचा वास घेत सगळा खाल्ला, मला एक घास ठेवला. एवढं सांगून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, ‘पोरगी म्हणती, मीठ कमी हाय. मी म्हटलं, मग तूच जाऊन घाल.’ खालाजान, मी काय बोललो असेन? मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, नेपल्सचं माप असंच असतं. चाचांनी भट्टीची लांब फळी माझ्या पाठीत घातली तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ कळला. तेव्हा जाऊ नका म्हणजे समजूत घालायला जाऊ नका. तारीख ठरवायला जा, आणि मी आणखी काही बोलायच्या आत जा.

तिसरा ता. क. : आत्ता उरलेला तुकडा खाऊन पाहिला. मीठ कमीच आहे. तिला तेवढं सांगा.