पावलांची साक्ष

मी, देवराम काळू पष्टे, वय वर्षे ६९, धंदा पूर्वी सिनेमाला आवाज देणे, आता काही नाही, राहणार मौजे पळसोंडे, धसईच्या पुढे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा मुरबाडच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला कोणी मागितला नाही. डावा गेला आहे, उजवा जायच्या मार्गावर आहे. छातीचेही काही खरे नाही. दमलो आहे, आणि हे काम उरकायचे राहिले आहे.

सिनेमाला आवाज देणे म्हणजे गाणे नव्हे, हे मला आयुष्यभर सांगावे लागले. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावले बहुतेक वेळा त्याची नसतात. नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत, दुसराच कोणीतरी ती चालून देतो. अंधेरीच्या एका स्टुडिओत पस्तीस वर्षे तो दुसरा मी होतो. या कामाला फोली म्हणतात. फौजदाराचे बूट मी, नवरीचे पैंजण मी. हाड मोडले की ती शेवग्याची शेंग, कबुतर उडाले की ती भराभर उघडमीट केलेली छत्री. सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांवर माझे नाव तीनदा आले, त्यात दोनदा ते देवराज असे होते. वकीलबाई भाग्यश्री म्हणाल्या, मृत्युपत्रात हे लिहायची गरज नाही. मला आहे.

कलम १. पळसोंडे येथील देवळाशेजारचे घर, पुढची पडवी व परसातली दोन आंब्याची झाडे ही माझ्या स्वतःच्या कमाईची असून ती माझ्या पश्चात माझी पत्नी शकुंतला, जिला सगळे शकू म्हणतात, हिच्या एकटीच्या मालकीची व्हावीत. ती विकू नयेत असे मी म्हणणार नाही. मी शनिवारी यायचो आणि सोमवारी जायचो. आलो की भांडी हळू ठेव, पंखा बंद कर, शेजारणीला मोठ्याने हाक मारू नको, असे चालू असायचे. आठवडाभर आवाज काढून मला घरात आवाज नको वाटायचा. शकू कधी उलटून बोलली नाही आणि मी समजलो, तिला काही बोलायचे नाही. आता ती बोलते तेव्हा मला निम्मेच ऐकू येते. घर तिला द्यावे, एवढे तरी मला करता येईल.

कलम २. रस्त्यालगतचे भातशेत, माझ्या वाट्याचे सव्वीस गुंठे, हे वडिलोपार्जित असून ते मुलगा शेखर, सध्या राहणार वाशिंद, कारखान्यात सुपरवायझर, याच्याकडे जाईल. त्यावरचा त्याचा हक्क माझ्या देण्याने होत नाही आणि न देण्याने जात नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. उत्तरेचा बांध माझा चुलतभाऊ देवजी याने दर वर्षी नांगराच्या एकेका तासाने, म्हणजे एकेका चराने, खाल्ला आहे. हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे. तो हसतो आणि चहा पाजतो. शेखरने सरकारी मोजणी मागवावी, पण चहाला नाही म्हणू नये.

कलम ३. माझ्या धंद्याचे सामान, म्हणजे दोन पत्र्याच्या पेट्या, तीन पोती आणि चौकटीसकट एक दार, हे सर्व रेश्मा हिला द्यावे. ती अकरा वर्षे माझी सहायक होती आणि शेवटची चार वर्षे माझ्यापेक्षा चांगले काम करत होती, हे मी तेव्हा तिला सांगितले नाही. बूट-चपलांचे एक्केचाळीस जोड आहेत, ते धुऊ नयेत. चामड्याच्या पिशवीत मक्याचे पीठ आहे, त्यावर बर्फातली पावले होतात. तिला उंदीर लागतात म्हणून ती टांगून ठेवावी. दाराला तेल घालू नये, त्याच्या कुरकुरीवर आम्ही दोघे जेवलो आहोत. रेश्मा, आवाज पायाचा नसतो, पायताणाचा आणि जमिनीचा असतो, हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवले होते. ज्या वेळी ते मला आठवायला हवे होते त्या वेळी आठवले नाही. ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. हे कलम लिहिण्यासाठी मी बाकीची लिहिली आहेत.

डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर राहणारा बुधू चिमा वारघडे हा माझ्या बरोबरीचा. पोरवयात आम्ही गुरे एकत्र राखली. तेव्हाच तो कड्यावरून पडला आणि उजवा पाय ओढत चालू लागला. पुढे मी मुंबईला गेलो, तो आमच्या गावदेवीच्या देवळात दिवाबत्ती करू लागला. माझ्या कामाला लागणारी सागाची वाळकी पाने, बांबूच्या काटक्या, शिकेकाईच्या शेंगा तो पोत्यात भरून ठेवी आणि मी शनिवारी आलो की पडवीत आणून टाकी. रानात पाऊल कसे टाकायचे हेही त्यानेच शिकवले. टाच आधी नाही, पायाची बाहेरची कड आधी. पुढे पडद्यावर रानातून जे कोणी चोरपावलांनी गेले, ते सगळे बुधूच्या शिकवणीने गेले.

सन २००८ च्या चैत्र पौर्णिमेला देवीची जत्रा होती. माझे डोळे आले होते म्हणून मी दुपारी पडवीत, डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडलो होतो. सगळे गाव पालखीबरोबर वेशीपर्यंत गेले होते. तेवढ्यात शेजारी देवळाच्या फरशीवर पावले वाजली. टायरच्या चपला, एक पाऊल ठाम, दुसरे फरफटत. ती गाभाऱ्यापर्यंत गेली, थोडा वेळ थांबली आणि परत आली. पालखी आली तेव्हा देवीवरची चांदीची छत्री जागेवर नव्हती.

संध्याकाळी गाव पारावर जमले. देवळाजवळ मीच एकटा होतो म्हणून मला विचारले. मी सांगितले, पावले बुधूची होती. बुधू म्हणाला, मी पालखीला होतो. पण पालखीचा खांदा सारखा बदलत असतो, गर्दीत कोण कधी कुठे होता ते कोणालाच नक्की सांगता येईना. मग एकाने मला परत विचारले, डोळे झाकून कसे ओळखलेस. मी म्हणालो, माझे पोटच त्यावर चालते. हे बोलताना मला बरे वाटले होते, तेही लिहून ठेवतो. ज्याला गाव पाय आपटायचा धंदा म्हणत होते त्याला त्या दिवशी गावाने पहिल्यांदा मान दिला.

बुधूला दोन दिवस चौकीत ठेवले. छत्री सापडली नाही, गुन्हा सिद्ध झाला नाही, पण गावाला सिद्ध करायचे उरले नव्हते. त्याची दिवाबत्ती काढून घेतली. पालखीला हात लावू दिला नाही. तो आणि त्याची बायको लहानी आटगावकडे वीटभट्टीवर गेले आणि आठ हंगाम तिथेच राबले. पानांची पोती पडवीत यायची बंद झाली. मी मुंबईत ती विकत घेऊ लागलो.

दोन वर्षांनी एका सिनेमात लंगडा पहारेकरी होता. मी धसईच्या बाजारातून टायरच्या चपलांचा जोड आणला. उजवीचा पट्टा सैल निघाला. ती पायातून निसटू नये म्हणून मी पाय ओढत चाललो. रेश्माने ते रेकॉर्डिंग परत वाजवून दाखवले आणि मी ते पुन्हा लावायला सांगितले. ती बुधूची पावले होती आणि चालणारा मी होतो.

मग मला एकेक उमगत गेले. आमच्याकडे पालखी उचलणारे अनवाणी असतात. त्या दिवशी बुधूच्या चपला आमच्याच पडवीच्या पायरीशी काढलेल्या होत्या. पायाला ओढून ओढून सैल झालेल्या. त्यात पाय घालणारा कोणीही तसाच चालला असता. पण चोरी करायला निघालेला माणूस चपला बदलायच्या भानगडीत कशाला पडेल. पडवीत झोपलेला माणूस नुसत्या पावलांवरून ओळखतो, हे ज्याला माहीत आहे तोच पडेल. गावाला ते त्या संध्याकाळी कळले. त्याआधी ते फक्त माझ्या घरात माहीत होते.

मी शेखरला विचारले. चोरीच्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. छत्री कल्याणला विकून त्याने मोटरसायकल घेतली होती, आणि ती मित्राची म्हणून आम्हाला दाखवली होती. त्याने नाकारले नाही. म्हणाला, "मला तुमच्या कानाची भीती होती, आबा. म्हून त्याच्या चपला घातल्या. तुमी त्याचं नाव घ्याल असं नाय वाटलं."

मी त्याला मारले नाही आणि गावाला सांगितलेही नाही. शकूला सांगितले. ती खूप रडली आणि एवढेच म्हणाली, पोराचं नाव बाहेर काढू नका. मी ते निमित्त धरून बसलो. चूक नकळत झाली होती, त्यानंतरची सोळा वर्षे मी जाणूनबुजून गप्प राहिलो. या काळात बुधू मला रस्त्यात अनेकदा दिसला. तो थांबायचा. मी घाईत असल्यासारखा पुढे जायचो.

तरी मी लिहून ठेवतो की, चांदीची छत्री बुधूने चोरली नाही. ती माझ्या मुलाने चोरली. आणि बुधूला चोर मी ठरवले. शेखरच्या वाट्यातून मी शिक्षा म्हणून काही कमी केलेले नाही, कारण पारावर उभे राहून बोललो तो मी होतो.

कलम ५. परसामागची माझ्या खरेदीची बारा गुंठे जमीन बुधूला द्यावी, असे मी या कागदाच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते. मागच्या महिन्यात तो मसुदा घेऊन मी पाड्यावर गेलो. चढायला मला दीड तास लागला. लहानीने पाणी दिले. मी दोघांना सगळे सांगितले, शेखरचे नावही. लहानी उठून आत गेली. बुधू ऐकत राहिला, मग त्याने विचारले, हा कागद कधी वाचायचा. मी म्हणालो, मी गेल्यावर.

तो म्हणाला, "तू गावापुढं बोललास ना देवराम, मंग गावापुढंच मागं घे. तू मेल्यावर कागद बोलंल, तवा मी असन का नाय. जमीन नको मला."

मी म्हणालो, माझ्याच्याने होणार नाही, शकू आहे, शेखरची पोरे आहेत, माझी छाती अशी आहे. तो म्हणाला, त्याचीही पोरे होती. ती चोराची पोरे म्हणून शाळेत गेली आणि दोन वर्षांत शाळा सोडून भट्टीवर आली. हे मला माहीत नव्हते. माहीत करून घेतले नव्हते, असे लिहितो.

म्हणून बुधूला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. बारा गुंठे घराबरोबर शकूकडे जावेत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. बुधूला काही मिळत नाही. म्हणून मी त्यालाच साक्षीदार हो अशी विनंती केली. तो मुरबाडला येतो म्हणाला.

कलम ६. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करू नये. येत्या चैत्र पौर्णिमेला, पालखी उचलण्याआधी, याचे कलम चार मी स्वतः पारावर उभा राहून वाचीन. मला दम लागला तर थांबेन, पण दुसऱ्या कोणाला वाचायला देणार नाही. शकूला हे सांगितले आहे. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, जेवायला मात्र वाढते. शेखरला फोन केला. सगळे ऐकून त्याने फोन ठेवला नाही. मी बराच वेळ फोन उजव्या कानाला लावून बसलो होतो. तो त्या दिवशी आला तर पडवीत त्याची जागा आहे. नाही आला तरी मी वाचणार आहे.

वरील मजकूर मी सांगितला तसा लिहिला असून तो वाचून, समजून सही करीत आहे.

स्थळ : मुरबाड
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार : (सही) देवराम काळू पष्टे

साक्षीदार १ : (सही) नम्रता भोईर, प्राथमिक शिक्षिका, राहणार पळसोंडे

साक्षीदार २ : बुधू चिमा वारघडे, वय अंदाजे ७०, मजुरी, राहणार पळसोंडे पाडा

नोंद : साक्षीदार क्र. २ यांना लिहितावाचता येत नसल्याने सर्व मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. श्री. पष्टे यांनी त्यांच्यासमोर सही केली. मजकूर समजला, असे साक्षीदारांनी सांगितले. अंगठ्यासाठी शाई पुढे केली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. दुसरी साक्ष झाल्याशिवाय हे मृत्युपत्र कायद्याने पुरे होत नाही, आणि त्याआधी श्री. पष्टे यांचे काही बरेवाईट झाल्यास घर पत्नीच्या एकटीच्या नावे होणार नाही, हे मी दोघांनाही समजावून सांगितले. श्री. पष्टे म्हणाले, राहू द्या, तो बरोबर आहे. त्यांच्याच सांगण्यावरून साक्षीदारांचे शब्द बोलले तसे लिहीत आहे : "आयकला. खरा हाय. पन अंगठा आज नाय. पुनवेला गावानं आयकला का मंग तिथंच दीन."

(सही) अ‍ॅड. भाग्यश्री देसले, मुरबाड

साक्षीदार २ यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी :