कोचीच्या काठावर

बाबा, तुम्ही समुद्र पाहिला नव्हता. या वर्षापर्यंत मीही पाहिला नव्हता. आपल्या लहान्यासाठी मी कोचीला जाऊन आले, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो तिसरीत होता. तुमच्या मनात तो अजून तुमच्या मासेमारीच्या डोंग्याच्या टोकाला बसून पाण्यात पाय हलवणारा पोरगाच असेल. तो मोठा झाला, नागपुरात स्वयंपाकाचं शिकला आणि प्रवाशांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या एका मोठ्या जहाजावर, तिथल्या स्वयंपाकघरात लागला. फोनवर सांगायचा, "ताई, इथले लोक मासोळीचं डोकं फेकून देतात. माय पाहीन तं म्हणन, चाल घरी." एका सकाळी तो कामावर आला नाही. खोलीत नव्हता, जहाजावर कुठेच नव्हता. पाण्यात पडताना कोणी पाहिलं नाही. जहाज मागे वळलं, शोध झाला, मग जहाज आपल्या वाटेने निघालं. कंपनीच्या माणसाचा फोन आला की सहल संपवून ते कोचीला लागेल, घरच्या कोणी तरी येऊन सामान घेऊन जावं.

मी लाखनीहून गावी जाऊन मायला सांगितलं. ती रडली नाही. तुमच्यासोबत संसार केलेली बाई ती. पाण्यात गेलेला माणूस काढतात, एवढंच तिला माहीत. चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "सामान आणाले नको जाऊ. त्याले आणाले जा."

पोळ्याचा तो दिवस आठवतो का तुम्हाला? बैल धुवायला तलावात उतरलेला एक सालदार गाळात अडकला. बैल बाहेर आले, तो आला नाही. पोलीस पाटील आपल्या दारात येताच तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. गावात कोणी बुडालं की तुम्हालाच बोलावत. पाटील चेष्टेने म्हणायचे, "याच्या हातून जिती मासोळी सुटन, पण मेलेला माणूस नाही सुटत." तुमचा डबा घेऊन मी मागून आले तेव्हा तुम्ही डोंग्यातून दोरीला बांधलेल्या लोखंडी आकड्या पाण्यात सोडत होता, ओढत होता, पुन्हा सोडत होता. तलावाच्या पाळीवर, बांधावर, त्याची बायको बसली आहे. भर उन्हात, डोक्यावर पदर नाही. मी तिच्याजवळ जाऊन म्हणते, घरी चला काकू, सापडले की बोलवू. तसा पाण्यावरून तुमचा आवाज येतो. इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "तिले उठवू नको, पोरी. आता उठली तं जलमभर शोधत राहीन." संध्याकाळी तो मिळाला. काठाला आणण्याआधी तुम्ही पाण्यातच आपला दुपट्टा त्याच्या तोंडावर टाकला. घरी आल्यावर अंगणात आंघोळ केलीत आणि ओल्या अंगानेच बराच वेळ बसून राहिलात. माय भात वाढून वाट पाहत होती. तुम्ही जेवला नाहीत, तीही जेवली नाही.

कंपनीने मला जुन्या कोचीतल्या एका लॉजवर ठेवलं होतं. जहाज यायला अवकाश होता. दुसरं काय करणार, मी चालत राहिले. आलं-मिऱ्यांचा वास येणारी गोदामं, जुनी चर्चं, गल्लीवर आडवे पसरलेले थोराड वृक्ष. बाहेरच्या देशांतून व्यापारी इथे कसे येत, ते एक गाईड ओरडून सांगत होता. पाण्याच्या कडेला लाकडी सांगाड्यांवर ताणलेली मोठमोठी जाळी आहेत, चिनी जाळी म्हणतात त्यांना. सात-आठ माणसं दोर ओढतात, जाळं वर येतं आणि त्यात ओंजळभर मासे असतात. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. जहाजात बसणारे लोक आदल्या दिवशी शहर पाहून घेत होते, फोटो काढत होते. पुण्याची एक बाई माझं फोनवरचं बोलणं ऐकून जवळ आली. तुम्हीही या क्रूझला का, म्हणाली, जेवण फार छान असतं म्हणे. मी म्हणाले, हो, माझा भाऊ तिथे स्वयंपाक करतो. मग काय, मजा आहे तुमची, असं म्हणून ती नवऱ्याचा फोटो काढायला गेली.

जहाज आलं. त्याच्यापुढे किनाऱ्यावरची घरं खेळण्यातली वाटत होती. लहान्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने त्याची बॅग माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला. कंपनीचा माणूस सभ्य होता. त्याने मोबाईलवर नकाशा उघडला. सगळा निळा, त्यात एक ठिपका. "यहाँ, मैडम." मी विचारलं, याचा काठ कुठे? त्याला प्रश्न कळला नाही. कुठल्याही बाजूने जमीन फार लांब आहे, एवढं म्हणाला. तिथून बाहेर पडून मी मायला फोन लावला. तिने एकच विचारलं, "काठावर हायेस ना?" मी हो म्हणाले. "उठू नको मंग." मी त्या जाळ्यांपाशी जाऊन बसले. डेकवर गाणी लावून, नवे प्रवासी घेऊन जहाज निघून गेलं. मी दुसऱ्या दिवशीही बसले, त्याच्या पुढच्या दिवशीही. तो गेला ते पाणी हे नव्हे, हे मला कळत होतं. जाळीवाल्यांपैकी एक जण न विचारता चहा आणून ठेवायचा. शेवटी एका सकाळी मी उठले. मला कोणी उठवलं नाही.

गावी परतले तेव्हा माय दारात उभी होती आणि माझ्या मागे पाहत होती. "काहून उठली?" म्हणाली. मी तिला नकाशा सांगितला, पाण्याची खोली सांगितली, शोधायला गेलेल्या बोटी सांगितल्या. ती ऐकत होती, पण दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी. त्याइले शोधता येत नसन, म्हणाली. उद्या ती स्वतः निघणार होती. लुगडी बांधून ठेवली होती, पेज पिण्यापलीकडे काही खात नव्हती. तेव्हा मी म्हणाले, "माय, बाबा असते तरी पाण्यातून निघाला नसता तो."

ती माझ्याकडे वळली. "बाबाच्यानंही नाही?"

"नाही."

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "आंघोळीले पाणी ठेव."

त्यानंतर सुतक, दिवस, सगळं रीतीप्रमाणे झालं. माय आता जेवते, शेजारणीशी भांडतेही. हे लिहिलेलं मात्र मी घरात ठेवणार नाही. तिला वाचता येत नाही, पण कोणी वाचून दाखवलं तर ती पुन्हा लुगडी बांधेल. कारण तिला जे सांगितलं ते मला स्वतःला खरं वाटत नाही, बाबा. मला वाटतं, तुम्ही त्याला काढलं असतं.