बोलीवर गेलेले चाळ

उस्ताद, मले माणसांची किळस येऊन राहिली अन् सांगायले तुमच्याबिगर कोणी नाही. तिकडं दूर कुठं गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली अन् इकडं आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगाले चांदी अन् माणसांच्या डोळ्यावर चरबी चढली. गावच्या ज्या दंडारीच्या नाचात आमी घरची भाकर खाऊन नाचलो, तिथं आता पोट्टे विचारतात, "नाचलो त काय देसान?" थू!

तुमचा नेम साधा होता. म्होरक्यानं हातपाय धड असतानाच, दसऱ्याले, आपले घुंगरांचे चाळ आपल्या हातानं नव्याच्या पायात बांधायचे अन् वर्षभर त्याच्या मागच्या रांगेत नाचायचं. म्हणजे दंडार मोडत नाही. माझ्या पायात बांधताना तुमी म्हणाले, "मांगं पाहू नको. मी आहो." मी चुकलो की मागून तुमची काठी जमिनीवर वाजे.

औंदा माझे गुडघे बोलू लागले, त पंचांनी मारुतीच्या पारावर चाळांची बोली लावली. अमरावतीच्या पेठेत कापसाच्या बोजांची लागते तशी! पाटलानं पोरासाठी मान घेतला. पोरगा तालमीले एकदा आला, घाम आला म्हणून गेला, अन् आपल्या जागी सालदार धाडू लागला. तो गडी दिवसभर गाड्यांवर कापूस चढवून, केसात कापूस घेऊनच यायचा. पण पाय असे बसले त्याचे, की ढोलकीवाला माझ्याकडं पाहायचं सोडून त्याच्याकडं पाहू लागला.

दसऱ्याले पोरगा जरीचा फेटा बांधून, पाय पुढं करून बसला. पायाले अत्तर लावलं होतं, उस्ताद! मी चाळ उचलले अन् मागं उभ्या सालदाराच्या पायात बांधले. पाटील ओरडला, "अबे म्हाताऱ्या, भ्रमला काय?" मी म्हटलं, "मान तुमी घेतला पाटील, तो न्या घरी. चाळ नाचणाऱ्याचे." त्यानं गड्याले कामावरून काढलं. आता तो माझ्या वांग्याच्या वाडीत पाणी देतो.

लोक मले शाबास म्हणतात. पण काल तालमीत तो चुकला, मी मागून काठी वाजवली. तो हसला, सावरला अन् मग असा नाचला, जसा मी कधीच नाचलो नाही. अन् मले त्याचीच किळस आली. ज्याच्यापायी पाटलाशी वाकडं घेतलं, त्याची! तुमी वर्षभर माझ्या मागं नाचले, तवा तुमालेही असंच होत होतं काय? तुमी त आता राहिले नाही, म्हणून हा कागद खाटेखाली सारतो. तालमीची वेळ झाली, ढोलकी वाजून राहिली. जावंसं वाटत नाही. काठी घेऊन जातो.