रुचाची जागा

१२ एप्रिल, शनिवार

खोटं बोलले. तेही हसत हसत!

परळच्या त्या काचेच्या इमारतीतल्या कॉलेजात आज पालक आणि विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. पूर्वी तिथं गिरणी होती, सासूबाई अजूनही गिरणीच म्हणतात. पब्लिक हेल्थचा कोर्स आहे असं कळलं म्हणून स्वतःसाठीच गेले. दवाखान्यातली सिस्टरची ड्यूटी संपवली, साडी बदलली, तोंडाला पावडर लावली. दारातच गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेली एक पोरगी पुढं आली. वैशाली नाव. "या मॅडम! ॲडमिशन मुलासाठी की मुलीसाठी?"

झालं. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं आणि त्यांचे आईबाप. मी त्रेचाळीस. तोंडातून निघून गेलं – मुलीसाठी.

"काय नाव तिचं?"

"रुचा."

लग्नानंतर मी आणि राकेशनं ठरवून ठेवलेलं नाव. मूल झालं नाही, नाव तसंच राहिलं. इतक्या वर्षांत कुणापुढं काढलं नव्हतं. आज एका अनोळखी पोरीला सांगून मोकळी झाले!

मग फी ऐकली. राकेश डॉकयार्डात वर्षभर राबून आणतो त्याहून जास्त. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

१३ एप्रिल, रविवार

राकेशला सांगितलं. आधी पोट धरून हसला. मग भांडी विसळायला घेतली.  विसळता विसळता विचारतो, "हुशार आहे का आपली रुचा?"

"आईवर गेलीय."

"मग मिळेल तिला. दुसरं कॉलेज बघू."

हा माणूस माझ्या वाट्याला आला, फार बरं झालं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आमच्या विहारात हारांऐवजी वह्या-पेनं न्यायची रीत आहे, मग ती गरजू मुलांना वाटतात. आज सासूबाई – सुंदराबाई म्हणजे सगळ्या काळाचौकीला माहीत – सरळ पुढं गेल्या, ढिगातल्या दोन वह्या उचलल्या आणि वाटणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "ह्या आमच्या सुनेला. ती शिकतेय आता."

माइकजवळ! अख्ख्या चाळीला ऐकू गेलं. आता माघार नाही. परत येताना जिन्यात तिघीजणी आडव्या आल्या. एकीनं गुडघा दाखवला, एकीनं जीभ. म्हणाल्या, तू आता डॉक्टर होणार ना! कितीदा सांगू, डॉक्टर नाही गं बायांनो. दुखणं झाल्यावर औषध देणं वेगळं, ते होऊच नये म्हणून बघणं वेगळं. एकीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा गुडघा पुढं केला.

१७ एप्रिल, गुरुवार

आज पुन्हा मागच्या गल्लीतली पोरं. तीच जुलाबाची तक्रार, त्याच आया, तीच मीठ-साखरेची पाकिटं. मी पाकिटं देते, पोरं बरी होतात, महिना-दोन महिन्यांत परत हजर. नळाचा पाइप गटारातून येतो हे मला दिसतंय. मागं एकदा वर कळवलं होतं. उत्तर आलं – जनजागृती करा. कसली जागृती? हात धुवा म्हणून सांगायचं, आणि धुवायचे त्याच पाण्यानं!

क्लाराजवळ तणतणले. क्लारा बाप्टिस्ट आमच्या दवाखान्यातली सगळ्यात जुनी सिस्टर. शांतपणे सुया मोजत होती. म्हणाली, "बोंबलून काय होणार गो? पाणीच वाईट हाय हे त्यांना दाखवून देता आलं पाहिजे. ते शिक, मग बोंबल."

म्हणून शिकायचंय. दुसरं काही नाही.

दुपारी त्या वैशालीचा फोन. "काकी, रुचानं काय ठरवलं?" मॅडमची काकी झाले! सांगून टाकणार होते, पण त्याऐवजी विचारलं, "रुचा विचारतेय, मुलांना प्रत्यक्ष कुठल्या वस्तीत नेता?" तिनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, आमच्याकडं वस्ती पडद्यावर दाखवतात, फार छान सोय आहे. मी म्हटलं, रुचा असंही विचारतेय की शिकवणाऱ्यांपैकी साथीत कुणी काम केलंय? आणि इथून शिकून गेलेली मुलं आज कुठं आहेत? "बघून सांगते, काकी."

गंमत आहे. स्वतःसाठी विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते. मुलीसाठी कशी खणखणीत चालते!

२० एप्रिल, रविवार

क्लाराची ईस्टरची ड्यूटी मी केली. आम्हा सिस्टर लोकांत हीच देवघेव – तुझा सण मी सांभाळते, माझी अडचण तू सांभाळ. संध्याकाळी ती माझगावहून नवऱ्याला, गॅविनला, घेऊन आली. डब्यात फुगियास, त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, अजून गरम. म्हणाली, "तुझी परीक्षा नि मुलाखत, दोन्ही दिवस माझे. संडे असला तरी."

रविवारी ती चर्च चुकवत नाही. तरी म्हणाली!

३ मे, शनिवार

वैशालीचा फोन. दुसरा नंबर, आवाज दबका. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

"काकी, हा माझा स्वतःचा नंबर. रुचाला इथं घालू नका."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"तिनं विचारलं ते सगळं मी इथं विचारून बघितलं. धड उत्तर कुणी देईना. इथनं जवळच जुनी सरकारी संस्था आहे. रंग उडालाय, वेबसाइट धड चालत नाही. पण शिकवणारे सगळे काम केलेले आहेत, आणि फी आपल्यासारख्यांना झेपेल अशी. परीक्षा तेवढी कडक असते."

"अगं, मग तू का नाही गेलीस तिथं?"

"मला कोण सांगणार, काकी? बीएस्सी झाले, मिळाली ती नोकरी धरली. रुचाचं बरं आहे. तिची आई दारोदार जाऊन विचारतेय."

फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन रडले. का ते नीट सांगता येणार नाही. त्या पोरीची नोकरीच मुळी ॲडमिशन आणण्याची, आणि तिनं मला परत पाठवलं. खोट्या मुलीच्या खोट्या आईला.

१० मे, शनिवार

जाऊन आले. भिंतींना खरंच रंग नाही. जिन्यात जुनी कपाटं, पंखा कुरकुरतो. पण दारातल्या चहाच्या टपरीवर पाच-सहा विद्यार्थी उभे होते, चपलांना गटाराचा चिखल. नुकतेच वस्तीतून आलेले. उंदरांवरून कडाकडा भांडत होते! मी बाजूला उभी राहून सगळं भांडण ऐकलं. चहा गार झाला. इतका आनंद मला दागिन्यांच्या दुकानातही झाला नसेल.

ऑफिसातल्या बाईंना विचारलं – यावेळी माझ्याच तोंडानं, माझ्याच नावानं – वयाची काही अट? म्हणाल्या, "नाही. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना अभ्यासाची रजा पण मिळते. आधी नाही का आलात?"

कुठलं कॉलेज हे ठरलं. आता त्यांनी मला घ्यायला हवं. जागा मोजक्याच आहेत.

२८ मे, बुधवार

आकडेवारी डोक्यात शिरत नाही. राकेश रोज जेवताना प्रश्न विचारतो. सासूबाईंना सरासरी तोंडपाठ झाली, मला अजून नाही.

१ जून, रविवार

परीक्षा झाली. निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. "पोरास्नी देत्यात म्हणं. तू घे." क्लारा माझ्या जागी दवाखान्यात. पेपर बरा गेला. एक अख्खा प्रश्न राहून गेला, वेळच पुरला नाही.

२१ जून, शनिवार

परीक्षेत पास झाले होते, आज मुलाखत. समोर तिघं. मधल्या बाई पिकल्या केसांच्या, चष्मा डोक्यावर. मी मागच्या गल्लीचं सगळं सांगितलं – पाइप, गटार, पोरं, पाकिटं. छान सांगितलं, माझं मलाच वाटलं.

बाईंनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "ज्या घरांतली मुलं आजारी पडली नाहीत, त्या घरी गेलात?"

नाही गेले.

"ते पाणी कुठून भरतात?"

माहीत नाही! इतकी वर्षं त्याच गल्लीत जाते, पण आजाऱ्यांच्याच घरी. बरी पोरं दवाखान्यात येत नाहीत, म्हणून ती मला दिसलीच नाहीत. तोंड उतरलं असणार माझं. बाई म्हणाल्या, "त्यांचा नळ वेगळा निघाला तर तुमच्या बोलण्याला जोर येईल. तोच निघाला तर मग दुसरंच काही शोधावं लागेल. बघून ठेवा." रागावून नाही, घरातलं माणूस सांगतं तसं.

मुलाखत बहुतेक गेली हातची. पण एवढा एक प्रश्न मिळाला तरी जाणं वसूल झालं. येताना तशीच गल्लीत शिरले आणि बऱ्या पोरांची दारं वाजवली. पहिल्याच घरी आजीबाई घाबरल्या. "आमच्याकडं कोण आजारी नाय, सिस्टर!" म्हटलं, म्हणूनच आले.

१० जुलै, गुरुवार

नंबर लागला!! यादीत नुसते क्रमांकच असतात. राकेशनं तीनदा ताडून बघितला, मग सासूबाईंना दाखवला, ज्यांना आकड्यांपलीकडं वाचता येत नाही. त्यांनीही ताडून बघितला.

क्लारानं दवाखान्यात सगळ्यांना केक वाटला. वर ऐकवलं, "आता तुझ्या ड्यूट्या मी काय रिटायर होईपर्यंत करू?" आणि मिठी मारली.

१२ जुलै, शनिवार

ज्या पोरीमुळं झालं तिला सांगायलाच हवं. फोन लावला. आज सगळं खरं सांगायचं म्हणून सुरुवात केली, "वैशाली, ॲडमिशन झालं गं –"

"रुचाचं झालं?!" ओरडलीच ती. शेजारी कुणाला तरी सांगितलंही, रुचाचं झालं म्हणून. मग विचारलं, त्या सरकारी संस्थेतच ना? हो, चार ऑगस्टला सुरू, म्हटलं. "मी पण ही नोकरी सोडली, काकी. आई चिडलीय, पण सोडली. रुचाला माझ्याकडून काँग्रॅट्स सांगा. तिला एकदा भेटायचंय मला."

इतकी खूश होती की माझ्या तोंडून पुढचं निघेचना. म्हटलं, सांगते.

नोकरी सोडून करणार काय पोरगी? तेही विचारायचं राहिलं. माझ्या बोलण्यानं तर नाही ना सोडली?

३ ऑगस्ट, रविवार

जयंतीच्या दोन्ही वह्या पिशवीत भरल्या. राकेशनं चपला पॉलिश केल्या. सासूबाई विचारत होत्या, डबा न्यायचा असतो का.

४ ऑगस्ट, सोमवार

वर्ग जवळजवळ भरलेला. दुसऱ्या बाकावर वैशाली! म्हणजे तिनंही परीक्षा दिली होती! शेजारच्या जागेवर तिची बॅग. मला बघून ताडकन उठली. "काकी! सोडायला आलात? कुठाय रुचा? तिच्यासाठी जागा धरलीय मी."

"बॅग उचल, बाळा. ती जागा माझीच."

तिनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग बॅग मांडीवर घेतली, सरकली, आणि पंख्याखालची बाजू मला दिली.