गरिबांचे चार कोपरे

४ जून १९६७, रविवार
आज देवळात उभा राहून जाहीर करून टाकलं. आमच्या तीन एकरांचे चारही कोपरे यंदा गरिबांसाठी. पवित्र शास्त्रात आहेच, शेताच्या कडा कापू नका, गरिबाला राहू द्या. मिशनच्या शाळेत तीस वर्षं मुलांना औदार्य शिकवलं, रिटायर झाल्यावर आता प्रॅक्टिकल. पाळकसाहेब खूश. आमची सौ. सोजरा बायकांच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. भारावली असावी. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पयले पेरा तं खरं."

७ जून
चार बोर्ड रंगवले. 'गरिबांनी येथून न्यावे.' अक्षर उत्तम आलं. कोपऱ्याकोपऱ्यात ठोकले. वखरणी राहिली. उद्या नक्की.

१३ जून
वखरणी शेजारच्या हिंमतरावांनी करून दिली. म्हणाले, "तुमचे बोर्ड झाले ना मास्तर, आता मी जरा बैल फिरवून देतो." बोर्डाचा परिणाम आठवड्यात दिसला!

१९ जून, सकाळी
पेरणी. तिफण नको म्हटलं. मिशनच्या कॅलेंडरवर पेरणाऱ्याचं चित्र आहे, तो मुठीने बी फेकतो. मीही तसंच फेकलं. पांढरं धोतर नेसलो होतो. हिंमतराव बांधावरून ओरडत होते, "पाऊस येऊ द्या ना! पाखरं खाऊन राह्यले!" मी म्हटलं, पाखरंही देवाचीच.
कोपरे तेवढे सोजराकडे दिले. तिलाही सहभागाचं समाधान.

२० जून
पाखरं पुष्कळ आहेत.

४ जुलै
पाऊस झाला. सोजराने आत्ता कुठे कोपरे पेरले. उशीर केला, पण बोललो नाही. मदतीला मागच्या घरची अंबूबाई. दोघींची सावड आहे, आज ही तिच्याकडे राबते, उद्या ती हिच्याकडे. अंबूबाई विधवा आहे. गरीब नंबर एक म्हणून मी मनात तिची नोंद केली.
माझी ज्वारी तुरळक उगवली. विरळ असली की कणीस मोठं येतं, असं वाचल्यासारखं वाटतं.

१६ जुलै, रविवार
अंबूबाईला शुभवार्ता दिली की ती गरीब आहे. भडकली. "कोनाले गरीब म्हनता मास्तर? दोन म्हशी हायेत माह्याघरी!" जाऊन पाहिल्या. आहेत.
मग दयारामकडे गेलो. त्याचं छप्पर गळतं. कोपऱ्याबद्दल समजावून सांगत होतो, तर त्याने विचारलं, सकाळी काही खाल्लं काय? वर तीन काकड्या हातात दिल्या. त्याचं मन मोडू नये म्हणून घेतल्या.
गरीब मिळणं वाटलं तितकं सोपं नाही.

२ ऑगस्ट
तण गुडघ्याएवढं. निंदणार नाही. शास्त्रात धान्य आणि तण कापणीपर्यंत सोबत वाढू द्या असं आहे. सोजराने विचारलं, "हे शास्त्रात हाय का तुमच्या कमरेत?" कंबर दुखते हे खरं, पण तो योगायोग.
ती आणि अंबूबाई कोपरे निंदत बसल्या.

२९ ऑगस्ट
कुंपणाला मुद्दाम एक वाट मोकळी ठेवली होती. गरीब आत येणार कसे? हिंमतरावांचे बैल आले. कोपऱ्यांना सोजराने बाभळीच्या काट्या लावल्यात, म्हणून ते मधलंच खाऊन गेले. हिंमतराव हात जोडत आले, एक पोतं ज्वारी देतो म्हणाले. मी क्षमा केली. पोतं नाकारलं! दिवसभर अंगावर एक प्रकारचं तेज होतं.

३१ ऑगस्ट
सोजरा दोन दिवस बोललेली नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
पाळकसाहेबांनी पीक कसं आहे विचारलं. उत्तम म्हटलं. कोपरे डोळ्यांपुढे होते, खोटं नाही. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, २६ नोव्हेंबरला उपासना मास्तरांच्या शेतात. गरीबही तिथेच कापणी करतील.
गरीब अजून ठरायचे आहेत.

१२ नोव्हेंबर
आज शेत नीट पाहिलं. मध्ये तरोट्याचं तण आणि मोजून एकोणीस कणसं. कोपऱ्यांत ज्वारी माझ्या डोक्यावरून गेलेली, कणीस मुठीत मावत नाही. म्हणजे जे पिकलं ते सगळं गरिबांचं. वर्षभर आम्ही खायचं काय, हा विचार मनाला शिवला. लगेच झटकला.

१३ नोव्हेंबर
परत शिवला. कोपरा म्हणजे नेमका किती? शास्त्रात माप नाही. दोरी घेऊन गेलो. कोपरा म्हणजे टोक, असं धरलं तर गरिबांना दर कोपऱ्याला ज्वारीची चार ताटं येतात. संध्याकाळी एक बोर्ड जरा सरकवत होतो. दयाराम तिकडूनच जात होता. "बोर्ड कुठं घेऊन चालले मास्तर?" रंग द्यायला, म्हटलं. मग रंग द्यावा लागला.

२६ नोव्हेंबर, रविवार
सगळी मंडळी आली. पेटीही बैलगाडीतून आणली होती. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, आता गरिबांनी पुढे यावं. कोणीच हललं नाही. अंबूबाईने तर दोन्ही म्हशी सोबत आणल्या होत्या.
तेवढ्यात सोजरा पुढे झाली. पदर खोचलेला, हातात विळा. मी हळूच म्हटलं, अगं, हे गरिबांचं आहे. ती हळू बोलली नाही. "मंग मी कोन हाओ? घरात दोन पायल्या दाने राह्यले. नवरा शिकेल हाय माहा, पन तो काही दळता येत नाई!"
पाळकसाहेब पेटीकडे पाहू लागले. सोजरा पहिल्या कोपऱ्यात शिरली. "माही सावड हाय," म्हणत अंबूबाई मागोमाग. मग दयाराम, मग हिंमतराव. दुपारपर्यंत चारही कोपरे कापून झाले. कणसं पोत्यांत भरायला घेतली. कोणी स्वतःसाठी एक कणीस नेलं नाही. मी काय करू विचारलं, तर सोजराने पोत्याचं तोंड धरायला सांगितलं. धरलं. चार पोती भरेपर्यंत धरून होतो.

२९ नोव्हेंबर, दुपारी
नव्या ज्वारीची भाकरी. तीन खाल्ल्या. चौथी वाढताना सोजरा म्हणाली, "पुढच्या साली मधलं मी पाहीन. तुमच्यासाठी ठेवीन एक कोपरा."
कोणता, एवढंच विचारलं.
"लहानातला," म्हणाली.