चुलीपाशी बांधायची पट्टी

बाबा, तुझी नात बोटीवर राहायला निघाली आहे. मासेमारीला नव्हे, हौसेने. बोरिवलीतलं लिफ्टचं घर बंद करून ती आणि तिचा नवरा वर्षभर शिडाच्या बोटीत संसार मांडणार, किनाऱ्याकिनाऱ्याने पार केरळपर्यंत जाणार. गेल्या महिन्यात मला बोट दाखवायला नेलं. काय सांगू! मऊ सोफा, पांढरेशुभ्र लोड, ऐसपैस स्वयंपाकघर. कांदिवलीतला नमुना फ्लॅट उचलून पाण्यात सोडलाय जसा. जावई म्हणाला, "आई, राहायचंय म्हटल्यावर आराम नको का?" मी म्हटलं, "हवा ना. पण बोट हलली की तुझी बायको टेकणार कशाला? तुझ्या सोफ्याला?"

तुझ्या बोटीवरची चुलीची जागा इतकी चिंचोळी, की रांधणाऱ्याची पाठ एका फळीला आणि गुडघे दुसऱ्या फळीला. मी बारा वर्षांची, कॉन्व्हेंटचा तोरा नाकावर. माझ्या हट्टापायी एका रविवारी तू मला आणि माझ्या वर्गमैत्रिणीला गोराईच्या खाडीतून बाहेर नेलंस. मी नाक मुरडते, "बाबा, इथे माणूस मावतो तरी का?" तू हसतोस. "कसाबसा मावतो, म्हनून तर पडत नाय गो." मला मैत्रिणीसमोर चहा करून मिरवायचं असतं. माझी पाठ अजून फळीपर्यंत पोचत नाही, म्हणून तू माझ्या कमरेमागून दोरी घेऊन चुलीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना बांधतोस. मैत्रीण खुदकन हसते. "मी काय बकरी आहे?" मी ओरडते, वर दोन वाक्यं इंग्रजीत फेकते. तू गाठ आवळत म्हणतोस, "दर्याला तुजी इंग्लिश कलत नाय."

मग ती लाट आली. मी कोलमडले, उकळता चहा मनगटावर. तू माझा हात पाण्यात धरून बसलास, पण नजर त्या लोंबणाऱ्या दोरीवर. "माजीच गाठ सुटली," एवढंच बोललास. त्यानंतर कोणतीही गाठ तू दोनदा ओढून बघायचास. तुझ्या बरोबरीचे, बाकीच्या बोटींवरचे तांडेल हसायचे. "हातान आता दम नाय ऱ्हायला," असं तूच त्यांना सांगायचास. मी ऐकत असायचे.

गेल्या आठवड्यात मी जाड कॅनव्हासची रुंद पट्टी शिवली, दोन्ही टोकांना आकडे लावले. टाके कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी दाखवून शिकवलेले, उसवायची टाप नाही. पट्टी कशाला, तर शेगडीपुढे बांधून पाठ टेकायला. ती बोटीवर नेली, लेकीने बघितली आणि म्हणाली, "आई, मी काय बकरी आहे?" हे वाक्य मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मी बाही वर केली, मनगटावरचा डाग दाखवला आणि खरं काय झालं ते सांगितलं. लेक पट्टी शेगडीपुढे अडकवून मागे रेलली. "जरा आखूड कर," म्हणाली.

तिच्याआधी तुला सांगायला हवं होतं. गाठ सुटली नव्हती, बाबा. तू पाठ फिरवलीस आणि मी ती सोडली.